चवीपुरतं

भाच्यानं हिंजवडीतली नोकरी सोडली तेव्हा अक्कानं तीन दिवस कुणाचा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी तो कोल्हापुरात येऊन थडकला आणि म्हणाला, "आई, मी फूड वॉक सुरू करणार आहे." अक्काला ऐकू आलं फूटवेअर. कोल्हापुरात चपलांचा धंदा काही वाईट नाही, म्हणून ती जरा निवळली. मग त्यानं नीट समजावून सांगितलं आणि ती पुन्हा बिघडली.

धंदा असा : बाहेरगावच्या माणसांना सकाळी गोळा करायचं, गावातून चालवत न्यायचं, चार-पाच ठिकाणी थोडं थोडं खायला-प्यायला घालायचं आणि प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सांगायची. त्याचं पत्रक छापून तयार होतं. 'करवीरनगरीतील आर्टिझनल खाद्यपेयांची चालता चालता चव. पाच ठिकाणं, अडीच किलोमीटर, तीन तास. माणशी १,२०० रुपये.'

"आर्टिझनल म्हणजे काय रे?" अक्कानं विचारलं.

"हातानं केलेलं, आई."

"मग आमच्यात काय भाकरी पायानं थापत्यात व्हय?"

यावर त्याच्या पत्रकात काही उत्तर नव्हतं.

पहिल्या फेरीला सहा माणसं जमली. पाच पैसे भरलेली, सहावा मी. मला बोलावलं होतं ते गर्दी दिसावी म्हणून. "मामा, माझं कुठं चुकलं तर नुसतं डोळ्यानं खुणवा, मध्ये बोलू नका," असा दम मला आधीच भरला होता. पैसेवाल्यांत पुण्याचं एक जोडपं होतं, ठाण्याचे एक काका होते आणि बंगळूरला नोकरी करणाऱ्या दोन मराठी मुली होत्या. त्यातली एक वहीत लिहायची, दुसरी मोबाइलवर टिपायची. काकांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. रोज दहा हजार पावलं झाल्याशिवाय आपण रात्रीचं जेवत नाही, असं त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं. मला त्यांची तेव्हाच काळजी वाटली.

कारण कोल्हापुरात कुणी चालत नाही. पानपट्टी गल्लीच्या तोंडाला असली तरी माणूस गाडीला किक मारतो, एक पाय जमिनीला घासत तिथवर जातो, आणि गाडीवरून न उतरताच पान घेतो. चालणारा माणूस इथं एक तर बाहेरचा असतो, नाहीतर त्याची गाडी पंक्चर असते. त्यातून सकाळच्या वेळी सात-आठ माणसं खाली मान घालून, दबक्या आवाजात बोलत, कुणाच्या तरी मागोमाग सावकाश चालली असली तर त्याचा अर्थ गावात एकच होतो. आम्ही निघून दहा मिनिटं झाली नाहीत तोच एक ओळखीचे गृहस्थ स्कूटर हळू करून शेजारी आले, चेहरा पाडला आणि मला विचारलं, "रक्षाविसर्जन काय? कोण गेलं?"

पण त्याआधी दूध झालं होतं, ते सांगायला हवं.

सकाळी सहाला आम्ही गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जमलो. ज्यांनी हा कट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी : भर शहरात रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, गवळी धार काढतो आणि त्याच पावली ग्लास हातात येतो. मध्ये डेअरी नाही, पिशवी नाही, फ्रीज नाही. तालमी जवळ असल्यानं पैलवान पोरांची ये-जा असते. भाच्यानं घसा साफ करून सुरुवात केली. "ही पंढरपुरी म्हैस. हिची शिंगं तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली. हिचा गुण असा की दोनच वेळेला धार काढायची असं बंधन ती पाळत नाही. गिऱ्हाईक येईल तशी थोडी थोडी देते. म्हणून तर म्हैस घेऊन दारोदार दूध घालायची पद्धत इथं पडली."

माहिती अगदी बरोबर होती. फक्त तो कागदाकडे बघून बोलत होता, म्हशीकडे नाही.

"ही मुऱ्हा हाय," गवळी म्हणाला. "शिंगं बघ की. जिलबीवानी हाईत. तुझी पंढरपुरी त्या टोकाला उभी हाय."

पाचही जणांनी आधी म्हशीकडे बघितलं, मग भाच्याकडे. पुढं दिवसभर त्यांनी कुठलीही गोष्ट त्याच्याकडून ऐकली की शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून खात्री करून घेतली. म्हशीनं एका मिनिटात गाईड निकालात काढला होता.

दुसरा धक्का कपांचा. भाच्यानं पिशवीतून कागदी कप काढले. टपरीवर कटिंगला मिळतात त्याहूनही लहान. पत्रकातली 'चव' ती हीच. गवळ्यानं एक कप दोन बोटांत धरून उजेडात बघितला.

"ह्यात काय घालू? कानात सोडायचं औषध?"

"थोडं थोडंच द्यायचंय. अजून चार ठिकाणी जायचंय."

"मग त्या चार ठिकाणी थोडं घ्या की. इथं दूध प्या."

आणि त्यानं स्टीलचे उंच ग्लास मांडले. मी लहानपणापासून हे बघत आलोय, तरी धारेचा आवाज मला अजून पुरत नाही. पहिली धार रिकाम्या चरवीच्या तळाला टणकन वाजते. दूध चढत जाईल तसा तो आवाज जाड होत जातो आणि शेवटी नुसती फेसातली घरघर उरते. ग्लास हातात येतो तेव्हा वर दोन बोटं फेस असतो आणि ग्लास कोमट असतो, म्हशीच्या अंगाइतका. चहाच्या गरमपणाशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्यांदा पिणारा माणूस त्या कोमटपणालाच दचकतो.

ठाण्याचे काका दचकले. "हे पाश्चराइज्ड आहे का?"

"आत्ता तर बाहेर आलंय," गवळी म्हणाला. "त्याला कधी करायचं?"

डॉक्टर मंडळी दूध उकळूनच प्यायला सांगतात आणि त्यांचं बरोबरच आहे. पण समोर म्हैस, हातात ग्लास आणि शेजारी मिशीला फेस लागलेला पैलवान उभा असताना वैद्यकशास्त्र आठवायला वेगळी छाती लागते. काकांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला. तो खाली ठेवायची त्यांनी चूक केली, तेव्हा तो पुन्हा भरला गेला.

वहीवाली मुलगी मैत्रिणीला विचारत होती, "तुला मागून काय चव येतेय? गवताची की बदामासारखी?" दोघींनी पुन्हा घोट घेतला, जीभ टाळूला लावली, डोळे आकाशाकडे लावले. गवळ्यानं त्यांना एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "वाड्याची लागत असंल." वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणीच्या हंगामात या जिल्ह्यातल्या म्हशींना त्याची चंगळ असते. आता हंगाम सरला होता, पण सवय म्हणून तो ते बोलून गेला. तिनं वहीत लिहिलं : 'ऊस, मागाहून.'

भाचा पैसे द्यायला गेला तर गवळी म्हणाला, "ते पावण्यांचं देऊन गेलं की." मिशीवाला पैलवान दाजींच्या तालमीतला निघाला होता. कोल्हापुरात ओळखीचं न निघणं फार अवघड असतं. भाच्यानं पाकीट परत खिशात घातलं. आपला दिवसभराचा नफा वाढला म्हणून तो खूश झाला असावा. त्याला अजून पुढचं दिसत नव्हतं.

पापाची तिकटी आम्ही पायीच गाठली, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन. तिथं चपलांच्या दुकानांसमोर त्यानं कापशी चपलेची गोष्ट सांगितली. ती ऐकून पुणेकर वहिनींनी विचारलं की चप्पल खायच्या यादीत कशी. ती गोष्ट तिथंच आवरली.

मग मिसळ. दुकानाचं नाव सांगत नाही. प्रत्येक कोल्हापूरकराचं मिसळीचं दुकान ठरलेलं असतं आणि दुसऱ्याचं नाव ऐकलं की तो वाचन थांबवतो. भाच्यानं मालकांशी आदल्या दिवशी बोलून ठेवलं होतं : माणसं सहा, प्लेटा दोन, चमचे सहा. मालकांनी तेव्हा मान हलवली होती, पण बहुधा त्यांना ती चेष्टा वाटली असावी. आम्ही बसलो आणि सात प्लेटा आल्या. सातवी भाच्याची.

"काका, दोन सांगितल्या होत्या."

"पुण्या-मुंबईचं पावनं आणलास आणि एका प्लेटीत तिघं जेवू घालणार व्हय? उद्या माझं तोंड कुणाला दाखवू?"

पुणेकर साहेब या वेळेपर्यंत गप्प होते. आता ते खुलले. भाच्यानं रस्त्यात "आपण इथं फक्त सॅम्पल घेणार आहोत" असं दोनदा सांगितलं होतं आणि त्यांनी त्याचा शुद्ध पुणेरी अर्थ घेतला होता. पुण्यात मिसळीवर, वड्यावर जो पातळ रस्सा ओततात त्याला सॅम्पल म्हणतात. "सॅम्पल आणा की हो," त्यांनी पोऱ्याला हाक दिली. पोऱ्या बावरला. त्याला सॅम्पल म्हणजे औषधाच्या दुकानात फुकट मिळतं ते माहीत. मी डोळ्यानं खुणवायचं ठरलं असूनही तोंड उघडलं आणि दुभाषाचं काम केलं : "कट म्हणायचंय त्यांना."

"मग कट म्हणा की!" आणि किटली आली.

कटाबद्दल बाहेरगावी बराच गैरसमज आहे. तो लाल असतो म्हणून जाळतो असं नाही. वरचा तवंग रंगाचा असतो आणि रंग ब्याडगी मिरचीचा, जी दिसायला जेवढी रागीट तेवढी स्वभावानं गरीब. तिखटपणा खाली असतो, उशिरा येतो आणि कानामागून येतो. खाली मोड आलेली मटकी, वर शेव-चिवडा, कांदा, आणि शेजारी पावाचे जाडजूड स्लाइस. पुण्याच्या जोडप्यानं गोल पाव मागून बघितला. पोऱ्यानं शांतपणे आणखी दोन स्लाइस ठेवले. इथं मिसळ स्लाइसशीच खातात. कट शोषून घ्यायचा तर स्लाइसच हवा, पाव नुसता भिजतो. हे माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही, कारण ते बरोबर आहे.

कटाची किटली घेतलेला पोऱ्या हा कोल्हापुरातला सगळ्यात धोकादायक माणूस. तो विचारत नाही. तुम्ही बोलण्यात गुंतलात की तो मागून येतो, तुमच्या प्लेटीत ओततो आणि पुढं जातो. मग कट आहे म्हणून स्लाइस, स्लाइस उरला म्हणून कट. ठाण्याचे काका या फेऱ्यात पाऊण तास अडकले. त्यांनी प्लेटीवर हात आडवा धरला तर त्यानं बोटांच्या फटीतून सोडला. त्याला लोक आग्रह म्हणतात. माझ्या मते ती दमदाटी आहे, फक्त तिच्यात आवाज चढत नाही.

बिल मालकांनी घेतलं नाही. "पयली बारी हाय पोराची," म्हणाले. काका "असं कसं, असं कसं" करत गल्ल्याकडे धावले, त्यांना दोन गिऱ्हाइकांनी धरून परत बसवलं आणि तेवढ्यात किटली पुन्हा आली.

इथून पुढं चालणं शक्यच नव्हतं. पोटात अर्धा लिटर दूध आणि त्यावर मिसळ, अशा अवस्थेत माणूस हलतो तो फक्त वाहनानं. बाहेर पोरं मोटारसायकली लावून उभीच होती. "कुठं जायचंय? बसा की मागं." नको म्हणायला मिसळीनंतर जोर राहत नाही. पाहुण्यांची गाड्यांवर वाटणी झाली. काकांना एका पोरानं मागं घेतलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे अपराधी नजरेनं बघितल्याचं मला आठवतं.

खासबाग मैदानाला त्या गाड्यांनी बाहेरून एक फेरी मारली. भाचा मागच्या सीटवरून ओरडून सांगत होता की १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, तेव्हा रोममधलं जुनं मैदान त्यांनी पाहिलं, आणि १९१२ साली इथं कुस्त्यांचं मैदान उभं केलं. मधोमध आखाडा, भोवती उंच होत जाणारी बसायची जागा, म्हणजे लांबच्यालाही कुस्ती दिसावी. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वात चांगलं भाषण होतं आणि ते वाऱ्यावर गेलं. पाचही जण पाच गाड्यांवर होते. ऐकलं ते फक्त त्याच्या गाडीच्या पोरानं, ज्याचे आजोबा तिथं कुस्ती धरलेले.

मग डंक, म्हणजे मसाला कुटायची गिरणी. एप्रिल महिना, म्हणजे गावात चटणीचे दिवस. इथं चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला असते ती नव्हे. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, जे वर्षाचं एकदम करून ठेवतात आणि मग आमटीपासून मटणापर्यंत सगळ्यात तेच पडतं. वहिनींना हे ठाऊक नव्हतं. भाच्यानं "चटणी बघायला जाऊ" म्हटल्यावर त्या "बरं झालं, तोंडाला काहीतरी सौम्य मिळेल" असं म्हणाल्या होत्या.

गल्लीच्या तोंडालाच पहिली शिंक आली. डंकाच्या आत लोखंडी मुसळं एकापाठोपाठ एक वर जातात आणि उखळात आदळतात. जमीन पायाखाली हलते आणि हवा लाल असते. बायका डबे घेऊन नंबर लावून बसलेल्या, पदर नाकाला. भाच्यानं पत्रकात लिहिलं होतं : 'पारंपरिक पद्धतीनं हातानं कुटलेला मसाला.' वहीवालीनं त्या मुसळांकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं.

"हातानं कुठाय?"

नंबर लावून बसलेली एक म्हातारी तिच्याकडे वळली. "हात बटणावर हाय की!" मग तिला त्या पोरीची दया आली असावी. "बस हितं. मी सांगतो." कोल्हापूरकडच्या बायका मी सांगतो, मी येतो असंच म्हणतात. वहीवालीनं आधी तेच लिहून घेतलं. मग म्हातारीनं हिशेब सांगितला : रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि दोन्हीचं प्रमाण ज्याच्या त्याच्या घरच्या जिभेवर. धणे, तीळ, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल हे सगळं घरून भाजून आणायचं. कांदा तळून आणायचा, लसूण शेवटी पडणार. "डंक काय, कुटतोय नुसतं. भाजणं बिघडलं तर डंक काय करणार? हात तिथं लागतोय, भाजताना. खोबरं काळं पडलं की वर्षभर घरात भांडण."

आर्टिझनल या शब्दाची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही, पण भाचा तेव्हा शिंकत होता.

म्हातारीनं डब्यातल्या ताज्या चटणीची चिमूट प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली. दिवसभरात पहिल्यांदाच एखादी गोष्ट चवीपुरती मिळाली होती. भाचा उजळला. वहीवालीनं ती सरळ तोंडात टाकली. पुढची दहा मिनिटं ती लिहू शकली नाही. वहीच्या त्या पानावर नुसता एक लाल अंगठा उमटलाय.

काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पत्रकात शेवटी कॉकटेल लिहिलंय. दुपारी इतक्या लवकर मिळतं का?" मी त्यांची आशा मोडली नाही. आम्ही कोल्ड्रिंकच्या दुकानात गेलो आणि त्यांच्यासमोर उंच ग्लास आला : फळांचे तुकडे, जेली, आइस्क्रीम, सुकामेवा. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या कॉकटेल म्हणजे एवढंच आणि ते आजी-नातवानं शेजारी बसून खायचं असतं. काकांनी तळापर्यंत चमचा घालून खात्री करून घेतली. इथंही ते गल्ल्याकडे धावले. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी दिलेले नव्हते. कुणी दिले ते आजवर कळलेलं नाही.

तीन तासांची फेरी तेव्हा सहाव्या तासात होती आणि अक्काचा फोन आला. "घरात माणूस असताना पावण्यांना बाहेरच्या बाहेर लावून देणार हाईस काय? घेऊन ये." पाचही जणांनी एका सुरात सांगितलं की आता पाणीसुद्धा जाणार नाही. भाच्यानं ते आईला सांगितलं. "पाणी कोण देतंय? पांढरा केलाय," असं उत्तर आलं.

पांढरा रस्सा ज्यानं घरचा प्यायलाय त्याला मी काय सांगू. मटण शिजलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, वाटलेली खसखस आणि तीळ. वाटीत ओतताना त्याचा वास येतो तो आधी मिऱ्याचा असतो, मग तुपाचा. तो फुटू नये म्हणून अक्का शेवटपर्यंत चुलीपाशी उभी राहते, कारण नारळाचं दूध एकदा जोरात उकळलं की संपलं. पहिली वाटी सगळ्यांनी भिडेखातर घेतली. दुसरी कुणी मागितली नाही, ती आपोआप आली. तिसरी वहिनींनी मागितली. "चवीपुरतं द्या हं," म्हणाल्या.

"चवीपुरतं मीठ घालत्यात, बाई," अक्का म्हणाली आणि पळी रिकामी केली.

निघताना बायकांची ओटी भरली आणि प्रत्येकाच्या हातात चटणीची बरणी आली. रात्री भाच्यानं हिशेब मांडला. जमा ६,०००. खर्च शून्य. अक्कानं ते सहा हजार त्याच्याकडून घेतले आणि "घरी जेवलेल्यांचं पैसं घेत्यात व्हय?" म्हणून दुसऱ्या दिवशी पाचही जणांना परत पाठवायला लावले. मटण आणि बरण्या धरून पहिल्या फेरीत तो तोट्यात आहे. दुसऱ्या फेरीला मात्र अकरा नावं आली आहेत, त्यात पाच जुनीच.

ठाण्याच्या काकांनी दारात चपला घालताना घड्याळ बघितलं. पावलं १,१४०. त्यातली निम्मी, ते म्हणाले, बिल द्यायला धावण्यात गेली.